शब्दांत पडलेली फट

नागपुरांत मराठी पाट्या वाचीत हिंडणाऱ्यास एक खोड जागोजाग आढळेल. 'दुकाना समोर', 'महिलां साठी', 'नागपूर मध्ये'. शब्दयोगी अव्यय आपल्या शब्दापासून तोडून पलीकडे उभें केलेलें. रंगाऱ्यास आम्ही क्षमा करूं. पण हीच खोड आतां छापील पुस्तकांत शिरली आहे, आणि तिचें समर्थन करणारे सुशिक्षितही भेटतात.

त्यांचें म्हणणें असें कीं, मोडी दप्तरांत आणि जुन्या पोथ्यांत शब्द सोडून लिहीतच नसत. तरी व्यवहार अडला नाहीं, मग एवढ्याशा रिकाम्या जागेचा बाऊ कां? जेथें जागा मुळींच सोडलेली नाहीं, तेथें पदच्छेद वाचकानें करावयाचा असतो. जेथें ती सोडली आहे, तेथें पदच्छेद लेखकानेंच केला असें वाचक धरून चालतो. 'बाळासारखा रडतो' यांत रडणारा कोणी प्रौढ असावा. 'बाळा सारखा रडतो' यांत बाळा नांवाचा मुलगा आहे, आणि तो थांबतच नाहीं! 'मुलापुढें चल' आणि 'मुला पुढें चल' यांतही तोच घोटाळा. 'दुकाना', 'महिलां' हीं सामान्यरूपें. त्यांचा स्वतंत्र संसार होऊं शकत नाहीं.

नागपूर १९५६ पर्यंत द्विभाषिक प्रांताची राजधानी होतें. हिंदी 'घर में', 'लोगों के लिए' असें नामापासून वेगळें लिहिते, आणि तिला तें शोभतें. दोष शेजारणीचा नव्हे. तिची रीत विचार न करतां उचलणाऱ्यांचा.

आतां या खोडीस यंत्राचें पाठबळ मिळालें आहे. संगणकावरील शुद्धलेखन-तपासनीस रिकामी जागा हीच शब्दाची सीमा मानतो. त्याच्या यादींत 'नागपूर' आहे, 'मध्ये' आहे, पण 'नागपूरमध्ये' नाहीं, कीं ओढली तांबडी रेघ! लेखक बिचारा भिऊन मध्यें फट पाडतो, रेघ नाहींशी होते, आणि आपलें लेखन शुद्ध झालें असें तो समजतो. थाई आणि चिनी लेखनांत शब्दांमध्यें फट नसते. तेथें शब्द ओळखावयास यंत्रांना शिकविलें गेलें. मराठीचीं सामान्यरूपें आणि मोजकीं शब्दयोगी अव्ययें शिकविणें त्याहून अवघड खास नव्हे. साहित्य महामंडळाच्या १९६२ आणि १९७२ सालच्या नियमांवरून, ऱ्हस्वदीर्घांवरून आपल्याकडे रणें माजतात. या फटीसाठीं मात्र क्वचितच कोणी लेखणी उचलतो. मुद्रितशोधकांस आमची विनंति एवढीच कीं, तांबडी रेघ खुशाल राहूं द्यावी आणि शब्द जोडून छापावा.