उजेड गेला, रेडियम राहिले

पनवेलहून पुण्याकडे निघालेल्या कोणत्याही मालमोटारीच्या पाठीवर चमकणारी पट्टी असते आणि तिला सारे जण 'रेडियम' म्हणतात. वस्तुतः तिच्यात रेडियमचा कणही नसतो. मागून येणाऱ्या वाहनाच्या दिव्याचा प्रकाश ती परत फेकते, एवढेच. रात्री नेम धरता यावा म्हणून रायफलीवरील दुर्बिणीत जी खूण स्वतःच्या उजेडाने दिसते, तिलाही आपण रेडियमच म्हणून मोकळे होतो. एकाच शब्दाच्या पोटात इतक्या भिन्न वस्तू कोंबल्या, की त्यांपैकी निरुपद्रवी कोणती आणि घातक कोणती, हा विवेक उरत नाही.

दुर्बिणीतील ती खूण किती काळ उजळते? विजेवर चालणारी असेल तर घट संपेपर्यंत. नुसत्या चमकणाऱ्या रंगाची असेल तर दिवसा उजेड पिऊन रात्री काही तास. मात्र अनेक लष्करी दुर्बिणींत ट्रिटियम वायू भरलेली इवलीशी काचेची नळी असते. नळीच्या आतल्या भिंतीवरील लेपावर ट्रिटियमचे किरण आदळतात आणि लेप उजळतो. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षे. म्हणजे बारा वर्षांनी उजेड निम्मा, पंचविशीत जेमतेम पाव; लेपही झिजत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच. त्याचे किरण इतके दुबळे की काच ओलांडू शकत नाहीत. नळी फुटली तर मात्र वायू श्वासावाटे शरीरात जाऊ शकतो, म्हणून ती फोडून पाहण्याची वस्तू नव्हे.

जुन्या रेडियमची गोष्ट नेमकी उलटी आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात घड्याळांच्या, विमानांच्या, जहाजांच्या तबकड्या रेडियमच्या रंगाने रंगवीत. अमेरिकेत हा रंग भरणाऱ्या मुली कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरीत. त्यांच्या जबड्यांची हाडे झडली, अनेकींचे प्राण गेले. त्या तबकड्यांतील जस्ताचा लेप काही वर्षांत निकामी होतो आणि तबकडी काळवंडते. रेडियमचे अर्धायुष्य मात्र 1600 वर्षे! उजेड गेला म्हणजे धोका गेला, असे समजणारा माणूस येथेच फसतो.

हा प्रश्न पनवेलकरांनी दूरचा मानू नये. तालुक्यात कळंबोलीचा लोखंड बाजार आहे, तळोज्याचे कारखाने आहेत. भंगार आणि वितळभट्टी यांचा येथे रोजचा संबंध. पलीकडे मुंबईच्या दारूखान्यात वर्षानुवर्षे जहाजे मोडली गेली. दिल्लीच्या मायापुरीत 2010 मध्ये विद्यापीठाने लिलावात काढलेले एक जुने यंत्र भंगारवाल्यांनी उघडले. आतल्या कोबाल्टने एका कामगाराचा बळी घेतला आणि इतर कित्येक आजारी पडले. कोबाल्ट तर अंधारात चमकतही नव्हते. त्या बिचाऱ्यांना सावध करणारे तेथे काहीच नव्हते.

अणुसंशोधनाचे केंद्र खाडीपल्याड तुर्भ्याला आणि नियामक मंडळ अणुशक्तिनगरात असताना कळंबोलीच्या हमालाला किरणोत्सर्गाची तिपाखी खूण ओळखता येऊ नये, हे लाजिरवाणे ठरेल. बाजाराच्या तोंडाशी भंगाराची गाडी किरणमापकाखालून जावी, ही मागणी व्यापाऱ्यांनीच करावयास हवी. तोवर निदान एवढे तरी व्हावे: जुनी तबकडी अथवा दुर्बीण हाती आली तर ती खरवडू नये, फोडू नये, मुलांच्या हाती देऊ नये, बाजूला ठेवून पोलिसांना कळवावे.