कुठं दुखतंय?

बालमित्रांनो, आज आधी माझीच एक फजिती सांगते. हसलात तरी चालेल.

मी मूळची सातारची. बदली होऊन सांगली जिल्ह्यात आले. म्हटलं, शेजारचाच तर जिल्हा! याचा बराच भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. मग 'दक्षिण सातारा' झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. तेव्हा मला काय अवघड जाणार?

पण वर्गात एक नवा मुलगा आला. आईवडील वीटभट्टीवर कामाला, गाव कर्नाटकात. त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता. तीन दिवस तो भिंतीला टेकून गप्प बसला. चौथ्या दिवशी माझ्याजवळ आला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "होट्टे, होट्टे." मला ऐकू आलं 'ओठ'. मी आपली त्याचे ओठ तपासतेय! शेवटी जत भागातली एक मुलगी उठली. "बाई, त्येचं पोट दुखतंय. होट्टे म्हंजे पोट." पोरगं घामानं भिजलं होतं. लगेच त्याला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं त्याला, पण मला रात्रभर झोप नाही.

तेव्हा मला वानलेस डॉक्टर आठवले. सांगलीहून मिरजेला जाताना वानलेसवाडी लागते ना, ते नाव त्यांचंच. विल्यम वानलेस मूळचे कॅनडाचे. जन्म १८६५ चा. अमेरिकेत डॉक्टरी शिकून अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये ते सांगलीला आले, तेव्हा वय अवघं चोवीस. ख्रिस्ती धर्माचा प्रसार हे मिशनचं काम, आणि वानलेसांच्या हाती होती औषधांची पेटी.

तिकडे डिसेंबरात बर्फ पडतं. इथं दुपारी डोक्यावर ऊन, ताटात भाकरी, आणि सांगली-मिरजेत पटवर्धनांची संस्थानं. हे सगळं बदललेलं एक वेळ अंगवळणी पडेलही. पण डॉक्टरांची खरी पंचाईत रोग्यापुढे होते. आपल्या मराठीत दुखण्याचे प्रकार किती, मोजा पाहू! दाढ ठणकते, पोटात कळ येते, मुरडा पडतो, पाठीत चमक भरते, डोळे चुरचुरतात, पायाला गोळे येतात, जखम हुळहुळते. चमक आणि ठणका यातला फरक कळला नाही, तर औषध कसलं देणार? जवळ दुभाषा असला तरी त्यानं सगळ्याचं 'दुखतंय' एवढंच केलं तर झालं कल्याण! पुस्तकातली मराठी इथं फारशी उपयोगी पडत नाही. कुणी म्हातारी येऊन 'काळजात कसंतरी हुतंय' म्हणाली, की मीसुद्धा अडखळते.

वानलेस इथं जवळजवळ चाळीस वर्षं राहिले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय सुरू झालं, १८९७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाची शाळा. कुष्ठरोग्यांसाठी आणि क्षयरोग्यांसाठी वेगळ्या सोयी उभ्या राहिल्या. तेव्हा या दोन रोगांच्या माणसांना घरचेसुद्धा लांब ठेवत, हे तुमच्या आजी-आजोबांना विचारा. तंबोरे-सतारींच्या मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणून ओळख मिळाली, त्याची सुरुवात ही. १९२८ मध्ये ब्रिटिश सरकारनं त्यांना 'सर' किताब दिला. १९३३ मध्ये ते वारले.

आता वर्गाचं सांगते. आम्ही भिंतीवर एक तक्ता लावलाय. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड: पाणी, नीरू. जेवण, ऊट. डोकं, तले. पोट, होट्टे, हा शब्द मी लाल खडूनं लिहिला. कन्नड बाजू तोच सांगतो, जतची मुलगी मदत करते. रोज पाच शब्द. आणि बाई चुकल्या की तो मान हलवून "अं हं!" म्हणतो नि पुन्हा म्हणायला लावतो. काल मला तीनदा म्हणावं लागलं.