उंचीचे रडगाणे पुरे, सामने वाढवा



ऑगस्ट 2025 मध्ये जेद्दाहच्या आशिया चषकात भारताचा पुरुष बास्केटबॉल संघ तिन्ही सामने हरून परतला. तेव्हापासून एकच पालुपद कानावर येते : आपली माणसे बुटकी, हा खेळ आपल्यासाठी नाही. शाळेच्या मैदानावर आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या क्रीडाशिक्षकाला हे पटत नाही. पराभव झाला हे खरे. 2017 मध्ये लेबनॉनला आणि 2022 मध्ये जकार्तालाही आपली पाटी कोरीच होती. पण खापर उंचीवर फोडले की ज्यांनी काम करायचे ते सगळे सुटतात.

आधी जुना हिशेब पाहू. 1975 मध्ये बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारत चौथा आला. आजवरची ती आपली सर्वोत्तम कामगिरी. पाच वर्षांनी मॉस्को ऑलिम्पिकला आपला संघ गेला, तोही अनेक देशांनी बहिष्कार टाकल्यामुळे, आणि सातही सामने हरला. त्यानंतर ऑलिम्पिकचे दार उघडले नाही. विश्वचषकाचे तर कधीच उघडले नव्हते.

ज्या 1975 साली आपण चौथे आलो, त्याच वर्षी फिलिपिन्समध्ये आशियातली पहिली व्यावसायिक लीग सुरू झाली. फिलिपिनो माणूस आपल्यापेक्षा उंच नसतो. पण तिथे वाडीवस्तीवर रिंग आहे आणि संध्याकाळी तिच्याखाली पोरांची गर्दी आहे. त्याच देशाने 2023 मध्ये हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक घेतले. उंचीच सगळे ठरवत असती, तर हे कसे घडले?

उंच मुले आपल्याकडेही निपजतात. पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातला सतनामसिंग भामरा सात फुटांच्या वर. 2015 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला एनबीए या अमेरिकी लीगसाठी निवडले, असा मान मिळालेला तो पहिला भारतीय. पण तो घडला आधी लुधियानाच्या अकादमीत आणि मग अमेरिकेत. भिलाईत प्रशिक्षक राजेश पटेल यांनी मुलींना राहायला जागा आणि रोजचा सराव दिला, तर छत्तीसगडसारख्या राज्यातून राष्ट्रीय खेळाडूंची रांग लागली.

जिंकल्याचे दाखलेही आहेत. 2014 मध्ये वुहानला आपल्या पुरुष संघाने चीनला त्यांच्याच देशात 65-58 असे हरवले. 2017 मध्ये बंगळुरूला महिला संघाने अंतिम सामन्यात कझाकस्तानला 75-73 ने हरवून आशियाच्या वरच्या गटात जागा मिळवली. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती, पुढे ती भारताची कर्णधार झाली. पण वर चढणे वेगळे आणि वर टिकणे वेगळे. 2019 आणि 2021 या दोन्ही खेपेस महिला संघ आठव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिला आणि पुन्हा खालच्या गटात आला. या दोन विजयांच्या मधल्या काळात बास्केटबॉल महासंघ काय करीत होता? 2015 मध्ये तिथे दोन गट, दोन निवडणुका आणि दोन अध्यक्ष होते.

महासंघाची भांडणे आपल्या हातात नाहीत. शालेय स्पर्धा मात्र आहेत, आणि माझा मुद्दा तोच आहे. आमच्या भागातली मुले पावसाळाभर सिमेंटच्या कोर्टवरचे शेवाळ खरवडून सराव करतात. रिंगला जाळी नसते, त्यामुळे लांबून टाकलेला चेंडू आतून गेला की बाहेरून, यावर रोज वाद. मग एक दिवस पहाटे गाडी करून नव्वद-शंभर किलोमीटरवर अमरावतीला जिल्हा स्पर्धेसाठी जायचे. स्पर्धा बाद पद्धतीची. पहिलाच सामना शहरातल्या तयार संघाशी पडला की दुपारच्या आत डबे उघडायचे आणि परत फिरायचे. वर्षाचा खेळ तिथेच संपला.

साधे गणित आहे. सोळा संघ बाद पद्धतीने खेळले की पंधरा सामने होतात आणि आठ संघांच्या वाट्याला एकेकच येतो. त्याच सोळा संघांचे चार गट करून साखळी खेळवली, तर गटांत चोवीस आणि उपांत्य-अंतिम धरून सत्तावीस सामने होतात. सामने बाराच वाढतात, पण प्रत्येक पोराला किमान तीन मिळतात. पहिल्या सामन्यात कुठे चुकलो ते दुसऱ्यात सुधारायची सोय होते. जागतिक संघटनेनेही 2017 पासून राष्ट्रीय संघांसाठी घरच्या आणि बाहेरच्या मैदानावरचे पात्रता सामने सुरू केले. मग शाळेतल्या पोरांनीच एका सामन्यावर का समाधान मानायचे?

वेळ, पैसा आणि पंच कुठून आणायचे, असे विचारले जाईल. वरुड-मोर्शी, अचलपूर-चांदूर बाजार अशा शेजारच्या तालुक्यांची साखळी जवळच घेतली, तर प्रवासाचाच खर्च वाचेल. पंचांसाठी अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला तो 1936 मध्ये बर्लिनला, आणि त्याच बर्लिनला या मंडळाचे पथक कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवायला गेले होते. मंडळात शारीरिक शिक्षणाचे धडे घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी गटातले सामने चालवले, तर त्यांचाही सराव होईल.

आमच्या शेंदूरजनाघाटची ओळख संत्र्याच्या कलमांची. चांगले फळ हवे तर आधी ज्यावर कलम बांधतात तो जंबेरीचा खुंट जोमदार लागतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. राष्ट्रीय संघाला परदेशी प्रशिक्षक जरूर द्या, पण खाली हजारो मुले वर्षाला एकच सामना खेळत असतील तर तो प्रशिक्षक निवडणार कुणातून?

क्रीडा विभागाला माझी विनंती एवढीच आहे : येत्या हंगामापासून अमरावती जिल्ह्यात 14, 17 आणि 19 वर्षांखालील मुला-मुलींची बास्केटबॉल स्पर्धा आधी साखळी आणि मग बाद पद्धतीने घ्यावी, तालुक्याच्या प्रत्येक कोर्टवर जाळ्या लावाव्यात, आणि प्रत्येक शाळेने किती सामने खेळले याचा तक्ता हंगाम संपल्यावर जाहीर करावा. तीन वर्षे हे करून पाहा. तरीही काही फरक पडला नाही, तर मग खुशाल उंची मोजू.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
शेंदूरजनाघाट, ता. वरुड, जि. अमरावती