जळालेली मोटार आणि न लिहिलेला जमाखर्च

हंगाम ऐन भरात असताना रात्री अकरा वाजता डाळ मिलची एक मोटार जळते. एलिव्हेटर थांबतो आणि थोड्याच वेळात शेडमध्ये जळक्या वार्निशचा तो ओळखीचा वास पसरतो. लातूर, अकोला, जळगाव या भागांतील गिरणीमालकांच्या घरांत हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. फिटर मालकांना फोन करतो. कोपऱ्यात १५ अश्वशक्तीची एक मोटार पडून असते. जळालेली १० अश्वशक्तीची होती. पायाला नवी भोके पाडून, पुली बदलून पहाटेपर्यंत ती बसवली जाते. चार दिवसांनी जुनी मोटार रिवाइंड होऊन येते आणि कोपऱ्यातील रिकाम्या जागी जाते. तात्पुरती म्हणून बसवलेली मोटार मग पुढे दहा वर्षे तेथेच फिरत राहते.

व्यापारी घराण्यांतील हिशेबाची शिस्त सर्वश्रुत आहे. तुरीच्या क्विंटलमागे डाळ किती उतरली, चुणी किती, टरफल किती, हमाली आणि दलाली किती, हे सारे रोजच्या रोज लिहिले जाते. पेढीवर चहाचा खर्चही खात्यावर पडतो. परंतु वीज हा खर्च मात्र महिन्यातून एकदा, एका आकड्यात येतो. त्या आकड्यात पॉलिशरचा वाटा किती, ब्लोअरचा किती, कोपऱ्यातून उचलून बसवलेल्या त्या मोठ्या मोटारीचा किती, हे कोणालाच माहीत नसते. गिरणीच्या चोपडीत मोटारीच्या नावाने एकच नोंद असते, ती खरेदीच्या किमतीची. आणि तीच सर्वांत लहान असते.

हे थोडे आकड्यांत पाहणे योग्य ठरेल. १० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७.५ किलोवॅट. पूर्ण भारावर ८६ टक्के कार्यक्षमतेने चालणारी अशी मोटार तासाला सुमारे ८.७ युनिट वीज घेते. ती दिवसाला १६ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालली तर वर्षाकाठी जवळजवळ ४२,००० युनिट लागतात. युनिटचा दर ८ रुपये धरला तर वर्षाचा खर्च ३ लाख ३५ हजारांच्या घरात जातो. नव्या मोटारीची किंमत या रकमेचा एक लहानसा अंश असते. ८६ टक्के हा आयई-१ या जुन्या श्रेणीचा आकडा आहे. त्याच ताकदीच्या आयई-३ श्रेणीच्या मोटारीची कार्यक्षमता ९०.४ टक्के असते. चारसाडेचार टक्क्यांचा हा फरक ऐकताना क्षुल्लक वाटतो, पण वरच्या हिशेबाने तो वर्षाला सुमारे २,००० युनिटांचा, म्हणजे १६,००० रुपयांचा होतो. आणि ही झाली एक मोटार.

मग मालक मोजत का नाहीत? त्यांचा आळस हे याचे उत्तर नव्हे. मोटारीची कार्यक्षमता शास्त्रशुद्ध रीतीने तपासायची तर ती यंत्रापासून सोडवून प्रयोगशाळेतील डायनॅमोमीटरला जोडावी लागते. हंगामात गिरणी थांबवून असे करणे म्हणजे वाचणाऱ्या पैशाहून अधिक घालवणे. दुसरा मार्ग प्रत्येक मोटारीला कायमचे मापनयंत्र बसवून त्याच्या तारा कचेरीपर्यंत आणण्याचा. त्यात मापकापेक्षा तारा, नळ्या, खोदाई आणि मजुरी यांचाच खर्च जड होतो. मोठे साखर कारखाने वा रसायन प्रकल्प तो करतात. तीस-चाळीस मोटारींच्या गिरणीला तो परवडत नाही.

राहिला फिटरच्या खिशातला टाँग टेस्टर. तो उपयुक्त आहे, परंतु त्याच्यावर भार ओळखण्याचे काम सोपवले की तो दिशाभूल करतो. इंडक्शन मोटारीला आतील चुंबकक्षेत्र उभे करण्यासाठीच बराच प्रवाह लागतो. पट्टा उतरवून ती रिकामी फिरवली तरी पाटीवरील प्रवाहाच्या ३० ते ४० टक्के प्रवाह ती घेतच असते. त्यामुळे भार निम्म्यावर आला तरी टेस्टरवरचा आकडा निम्मा होत नाही आणि फिटर म्हणतो, "साहेब, मोटार चांगली लोड घेतेय." प्रत्यक्षात ती निम्मीच राबत असते. वेगावरून अंदाज करता येतो. आपल्याकडील ५० सायकलच्या विजेवर चार पोलच्या मोटारीचे चुंबकक्षेत्र मिनिटाला १,५०० फेरे घेते. पाटीवर १,४५० लिहिले असेल आणि प्रत्यक्ष वेग १,४७५ भरला तर भार साधारण निम्मा समजावा. पण पाटीवरच्या वेगातच थोडी ढिलाई मान्य असते, त्यामुळे हा अंदाज अंदाजच राहतो.

ही कोंडी फोडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकेत झाला. २००४ नंतरच्या काही वर्षांत जॉर्जिया टेक विद्यापीठ आणि ईटन ही विद्युत्साधने बनवणारी कंपनी यांनी तेथील ऊर्जा खात्याच्या साहाय्याने या प्रश्नावर काम केले. बिन लू, थॉमस हॅबेटलर आणि रोनाल्ड हार्ले या संशोधकांनी चालू मोटारीची कार्यक्षमता ठरवण्याच्या पद्धतींचा आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचा रोख स्पष्ट होता: मोटारीला हात लावायचा नाही, ती थांबवायची नाही, आसाशी काही जोडायचे नाही. पॅनेलमध्ये जे दाब आणि प्रवाह सहज मोजता येतात, त्यांतूनच सारे काढायचे. फिरणाऱ्या रोटरच्या खाचा प्रवाहात एक अतिसूक्ष्म थरथर सोडतात. ती गणिताने वेगळी केली की वेग कळतो. दाब व प्रवाहांतून आतल्या हवेच्या फटीतील पिळाचे बळ काढता येते. वेग आणि बळ हाती आले की मोटार किती काम देते ते कळते, आणि ती किती वीज घेते ते तर मोजलेलेच असते.

दुसरा अर्धा भाग बिनतारी संदेशाचा होता. कमी वीज खाणाऱ्या लहान रेडिओसाठी आयट्रिपलई ८०२.१५.४ हे मानक २००३ मध्ये आले. त्यावर आधारलेले, खास कारखान्यांसाठीचे वायरलेस हार्ट २००७ मध्ये. यांतील नोड एकमेकांचे निरोप पुढे पोहोचवतात. एखाद्या नोडला कचेरी दिसत नसली तरी शेजाऱ्याच्या हाती चिठ्ठी देऊन तो ती पाठवू शकतो. पत्र्याच्या शेडमध्ये आणि लोखंडी सायलोंच्या गर्दीत हा गुण मोलाचा आहे. (पॅनेलचे पोलादी दार बंद केले की आतल्या रेडिओचा आवाज दबतो, हे मात्र अनेकांना साधन विकत घेतल्यावर उमगते. अँटेना बाहेर काढणे हा त्यावरील साधा उपाय.)

आज बाजारात दोन जातींची साधने मिळतात आणि ग्राहकाने त्यांतील भेद जाणून घेणे अगत्याचे आहे. पहिली जात पॅनेलमधील तिन्ही फेजवर कडी अडकवून दाब व प्रवाह मोजते. ही खरी वीज मोजते. दुसरी मोटारीच्या अंगावर चिकटते आणि कंप, तापमान व बाहेर झिरपणारे चुंबकक्षेत्र यांवरून मोटारीची प्रकृती सांगते. एबीबी कंपनीने असे साधन २०१६ मध्ये आणले, त्यानंतर इतरांनीही. बेअरिंग खराब होत आहे, आस सरळ नाही, हे ही दुसरी जात उत्तम सांगते. विजेचा वापर मात्र ती मोजत नाही, अनुमानाने काढते. विक्रेता दोन्ही जातींना ऊर्जाबचतीचेच नाव देतो. ज्याला विजेचा हिशेब हवा त्याने पहिली घ्यावी, ज्याला मध्यरात्रीचे फोन टाळायचे आहेत त्याने दुसरी.

मोजमाप सुरू झाल्यावर प्रथम जे दिसते ते बहुधा अनपेक्षित असते. मोठ्या मोटारीने केलेली नासाडी मालकांना वाटते तेवढी नसते. निम्म्या भारापर्यंत मोटारीची कार्यक्षमता फारशी घसरत नाही. घसरतो तो पॉवर फॅक्टर. पूर्ण भारावर ०.८च्या वर असणारा हा आकडा हलक्या भारावर ०.६च्या आसपास येऊ शकतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे देयक २०२० पासून केव्हीएएचवर आकारले जाते, त्यामुळे हा घसरलेला आकडा सरळ देयकात उतरतो. त्यावर कपॅसिटर हा स्वस्त उपाय आहे. सतत ४० टक्क्यांखालीच चालणाऱ्या मोटारीला कायम स्टार जोडणीवर ठेवण्याची जुनी युक्तीही आहे. परंतु तिचे बळ त्यामुळे तिसऱ्या हिश्शावर येते, म्हणून भार कधीच वर जात नाही याची खात्री आधी हवी. ही खात्री महिनाभराच्या नोंदींखेरीज देता येत नाही.

खरी गळती अन्यत्र सापडते. जेवणाच्या सुट्टीत माल नसताना फिरत राहिलेला एलिव्हेटर. रात्री हवेच्या नळीतील गळती भरून काढण्यासाठी दर काही मिनिटांनी चालू होणारा कॉम्प्रेसर. डँपर अर्धा मिटून पूर्ण वेगाने घुमणारा ब्लोअर. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने बदलते, म्हणून डँपर उघडा ठेवून वेग ८० टक्क्यांवर आणला तर शक्ती जवळजवळ निम्मी पुरते. आणि तीन फेजमधील असमतोल. दाबात साडेतीन टक्क्यांचा असमतोल मोटारीची तापवाढ सुमारे २५ टक्क्यांनी चढवतो आणि तापमान दहा अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य ढोबळमानाने अर्धे होते. दर हंगामात तीच मोटार जळत असेल तर दोष वाइंडरच्या माथी मारण्यापूर्वी फेज पाहावेत.

वाइंडरचा विषय निघालाच आहे, तर त्याच्याविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. रिवाइंडिंगने मोटार खाऊ होते, असा सर्रास समज आहे. २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन येथील दुरुस्ती व्यावसायिकांच्या संघटनांनी प्रत्यक्ष चाचण्या करून दाखवले की योग्य पद्धतीने केलेल्या रिवाइंडिंगनंतर कार्यक्षमता जवळजवळ कायम राहते. जुनी कॉइल काढण्यासाठी मोटार उघड्या ज्वाळेवर भाजली, कोअर तापून बिघडला किंवा तारेचा गेज हलका घेतला, की नुकसान होते. दुरुस्तीपूर्वी आणि दुरुस्तीनंतर त्याच यंत्रावर, तेवढ्याच मालावर मोटार किती वीज घेते, हे ज्याच्याकडे लिहिलेले आहे, तो वाइंडरशी भांडणही पुराव्यानिशी करू शकतो आणि शाबासकीही देऊ शकतो.

प्रत्येक मोटारीला सेन्सर लावण्याचा उत्साह मात्र आवरावा. इचलकरंजीतील जुन्या यंत्रमागाची अश्वशक्तीभर ताकदीची मोटार घेतली, तर सेन्सर आणि त्याची देखभाल बचतीला गिळून टाकेल. तेथे संपूर्ण शेडवर एक मापक पुरे. जास्त तास चालणाऱ्या, मोठ्या, किंवा बंद पडल्यास सारी गिरणी थांबवणाऱ्या मोटारी प्रथम निवडाव्यात; तीस मोटारींच्या गिरणीत अशा सातआठच निघतात. आणि आकडे पाहणारा माणूस आधी नेमावा. सेन्सर स्वतः एक युनिटही वाचवत नाही. पडद्यावरील आलेख पहिला महिनाभर सारे घर कौतुकाने पाहते. त्यानंतर तो कोण उघडतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. जुन्या घरांत रोजमेळ लिहिणारा मुनीम ठरलेला असे. येथेही एक नाव ठरलेले हवे: सून असो, भाचा असो, फिटर असो.

अशा नोंदी ठेवलेल्या गिरणीत ती रात्र पुन्हा येते. एलिव्हेटर थांबतो, तोच वास, तोच फोन. कोपऱ्यात १५ अश्वशक्तीची मोटार आहेच, आणि शेजारच्या गावी एकाकडे जुनी २० अश्वशक्तीचीही मिळते आहे. मालक फोन कानाशी धरूनच मागच्या हंगामाच्या नोंदी उघडतात. जळालेल्या मोटारीने सबंध हंगामात कधीही ६ किलोवॅटहून अधिक वीज घेतलेली नाही. ते फिटरला सांगतात की आज १५ची बसवा, पण पायाला नवी भोके पाडू नका, रेलवर तात्पुरती धरा. आणि सकाळी दुकान उघडताच साडेसात अश्वशक्तीच्या आयई-३ मोटारीचा भाव विचारा.