ब्रेडचे यंत्र घ्यायचे, तर पाच घरांनी मिळून

ब्रेड हा आता केवळ शहरातल्या माणसांचा पदार्थ राहिलेला नाही. मालेगाव तालुक्यातले आपले मेडशी अकोला-वाशिम रस्त्यावर आहे, त्यामुळे बेकरीचा माल गाडीने सहज इथवर येतो. टोस्ट, खारी, पाव, कापलेला ब्रेड किराणा दुकानात मिळतो. ज्या घरातली आई सोयाबीन सोंगायला भल्या पहाटे निघते, त्या घरात चहा आणि टोस्ट हाच लेकरांचा नाश्ता होतो. त्या माऊलीला बोल लावण्यासाठी हा लेख नाही. तिला वेळ नाही आणि टोस्ट स्वस्त आहे, ही दोन्ही कारणे खरी आहेत.

आता मोबाईलवर जाहिरात दिसते: पीठ, पाणी आणि यीस्ट टाका, बटण दाबा, चार तासांनी घरचा ताजा ब्रेड बाहेर काढा. नोकरी असलेल्या घरांत असे यंत्र घ्यावे का, याची चर्चा होते. आमचे मत सरळ आहे. यंत्र वाईट नाही. पण एकट्या घराने हप्त्यावर ते घेऊ नये. पाच घरांनी मिळून घ्यावे, त्यात चक्कीवरची कणीक वापरावी आणि त्यापायी ज्वारीची भाकर बंद करू नये.

प्रथम पिठाचे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार 100 ग्रॅम कणकेत सुमारे 11 ग्रॅम तंतुमय भाग, म्हणजे चोथा असतो. मैद्यात तो 3 ग्रॅमही नसतो. लोह कणकेत सुमारे 4 मिलिग्रॅम, मैद्यात 2 मिलिग्रॅमपेक्षा कमी. आपली ज्वारी या दोन्ही बाबतींत कणकेच्या जवळपास बरोबरीने बसते. म्हणजे भाकरीऐवजी मैद्याचा ब्रेड खाल्ला, तर पोट भरल्यासारखे वाटते, पण अंगाला लागणारे निम्म्याहून अधिक लोह ताटातून जाते.

हे आपल्याला परवडणारे आहे का? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांत हे प्रमाण जवळपास 69 टक्के होते. त्यात चहामुळे अन्नातले लोह अंगात कमी शोषले जाते. मैद्याचा टोस्ट चहात बुडवून खाल्ला की आधीच थोडे असलेले लोह आणखी वाया जाते.

'ब्राऊन ब्रेड' घेतला की प्रश्न सुटला, असेही समजू नका. तपकिरी रंग कॅरॅमल घालूनही आणता येतो. पाकिटावरची घटकांची यादी वाचा. ज्याचे वजन सर्वांत जास्त, तो घटक यादीत पहिला लिहावा लागतो. पहिलाच शब्द मैदा असेल, तर रंग कोणताही असो, तो मैद्याचाच ब्रेड. घरात शिकणारी मुलगी किंवा मुलगा असेल, तर हे वाचन त्यांच्याकडे सोपवा.

2016 साली दिल्लीतल्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तिथल्या ब्रेड-पावाचे 38 नमुने तपासले. त्यांतल्या 84 टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडले. ब्रेड फुगावा, मऊ व्हावा म्हणून ही रसायने पिठात घालत. ब्रोमेटमुळे कर्करोगाचा धोका संभवतो. त्याच वर्षी जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ब्रोमेटवर बंदी घातली. घरी केलेल्या ब्रेडचा मोठा फायदा इथेच आहे: त्यात काय गेले, हे आपल्याला माहीत असते.

आता यंत्राकडे येऊ. घरगुती ब्रेडचे स्वयंचलित यंत्र जपानच्या मात्सुशिता कंपनीने 1987 साली बाजारात आणले. सुरुवातीला त्या यंत्रातला ब्रेड वरून करपायचा आणि आतून कच्चा राहायचा. तेव्हा इकुको तनाका या तिथल्या महिला तंत्रज्ञ ओसाकाच्या एका हॉटेलातल्या मुख्य बेकरकडे शिकायला गेल्या. तो बेकर कणीक मळताना तिला ओढून पीळ देतो, हे त्यांनी पाहून ओळखले आणि यंत्रात तशी सोय करवून घेतली. म्हणजे यंत्रात जे शहाणपण आहे, ते मुळात कष्टकरी माणसाच्या हातातले आहे. यंत्र मळते, उबेला ठेवते, भाजते. पीठ कोणते घ्यायचे, हे मात्र ते सांगत नाही. मैदा टाकला तर ते तितक्याच इमानाने मैद्याचा ब्रेड देईल.

भाजलेली कणीक आपल्या वऱ्हाडाला नवी नाही. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि पळसाच्या पानांतले पानगे आपल्या बायाबापड्यांनी कितीदा तरी केले आहेत. पावाचा इतिहास मात्र वेगळा आहे. 1849 साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. पावाचा एक तुकडा खाल्ल्याने जात बुडते, असे लोक मानत होते, म्हणून ही परीक्षा. आणि हे सारे गुपचूप चाले. त्याच काळात आपल्या पूर्वजांच्या वाट्याला मात्र बलुत्याची शिळी भाकर होती, दारोदार फिरून मागितलेली. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि असे उष्टे-शिळे तुकडे सोडून द्यायला सांगितले, ते आपल्या माणुसकीसाठी. म्हणून ताजे, स्वतःच्या कमाईचे आणि स्वतः निवडलेले अन्न ही आपल्यासाठी चैनीची गोष्ट नाही. मात्र जाहिरातीने सांगितले म्हणून भाकरीला मागासलेली ठरवणे आणि कर्ज काढून ब्रेडला पुढारलेला मानणे, यात निवड आपली राहत नाही.

पैशाचा हिशेब करून बघा. चांगले यंत्र दहा हजारांना पडले असे धरू. घरच्या ब्रेडमागे दुकानाच्या तुलनेत वीस रुपये वाचले, तर दहा हजार वसूल व्हायला पाचशे ब्रेड करावे लागतील. एक घर आठवड्याला दोन ब्रेड करील, म्हणजे जवळपास पाच वर्षे लागतील. तोवर यंत्र टिकेल का? हप्त्यावर घेतले तर व्याज वेगळेच. पण पाच घरांनी प्रत्येकी दोन हजार काढले आणि प्रत्येक घराने आठवड्याला दोन ब्रेड केले, तर आठवड्याला दहा ब्रेड होतात आणि वर्षभरात पैसे वसूल होतात. एका ब्रेडला सुमारे चार तास लागतात, म्हणून दिवसाला दोन ब्रेड सहज होतील. विजेचा खर्च फार नाही. एका ब्रेडला साधारण अर्ध्या युनिटच्या आत वीज लागते. यंत्र अशा घरी ठेवावे, जिथे वायरिंग धड आहे आणि अर्थिंग आहे.

पीठ कुठून आणायचे? रेशनचा गहू घरात येतोच. तो निवडून, चक्कीवर दळून, न चाळता वापरा. चाळला की कोंडा जातो आणि ज्यासाठी हा खटाटोप, तेच जाते. प्रमाण असे: कणीक 400 ग्रॅम, पाणी सुमारे 300 मिलिलिटर, तेल दोन मोठे चमचे, गूळ किंवा साखर एक मोठा चमचा, मीठ एक सपाट लहान चमचा आणि कोरडे यीस्ट एक लहान चमचा. बहुतेक यंत्रांत आधी पाणी, तेल, मीठ, गूळ, मग कणीक, आणि शेवटी कणकेत खळगा करून यीस्ट घालतात. यंत्राच्या पुस्तिकेत उलटा क्रम असेल तर तो पाळा. 'होल व्हीट' असे लिहिलेले बटण निवडा. मळणे सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी एकदा बघा: गोळा कोरडा वाटला तर चमचाभर पाणी घाला, फार चिकट असेल तर चमचाभर कणीक. पुढे झाकण उघडू नका.

कणकेचा ब्रेड मैद्यासारखा कापसागत होत नाही, थोडा जड होतो. त्यात काही बिघडले नाही. नुसत्या ज्वारीचा ब्रेड यंत्रात फुगत नाही, कारण गव्हातला चिकटपणा ज्वारीत नसतो. 400 ग्रॅममधली 100 ग्रॅम ज्वारी घातली तर चालते. वरून जवस किंवा तीळ घाला. यीस्टने पीठ आंबते तेव्हा धान्यातले लोह अडवून ठेवणारे काही घटक कमी होतात. आपल्या आंबिलीतही पीठ आंबवण्याचा हाच फायदा आहे.

यंत्र नसले तरी ब्रेड अडत नाही. हेच पीठ पंधरा मिनिटे हाताने मळा, झाकून दुप्पट फुगू द्या, पुन्हा मळून तेल लावलेल्या डब्यात ठेवा आणि पुन्हा फुगू द्या. जाड कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड आणि वर झाकण ठेवून दहा मिनिटे तापवा. मग डबा आत ठेवून मंद आचेवर पाऊण तास भाजा. मध्येच लाईट गेली आणि यंत्र बंद पडले, तरी पीठ फेकू नका. ते असेच कढईत भाजता येते. वैशाखाच्या उन्हाळ्यात पीठ फार लवकर फुगते, म्हणून तेव्हा माठातले गार पाणी घ्या.

आरोग्याच्या चार गोष्टी लक्षात ठेवा. घरच्या ब्रेडमध्ये टिकवणारे रसायन नसते, म्हणून उन्हाळा-पावसाळ्यात तो दोन दिवसांत संपवा. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढा भाग काढून बाकीचा खाऊ नका, सगळा टाका. साखरेचा आजार असलेल्यांनी कणकेचा ब्रेडही मोजूनच खावा, कारण त्यानेही रक्तातली साखर वाढते. ब्रेड चहात बुडवण्याऐवजी उकडलेले अंडे, शेंगदाण्याची चटणी किंवा वरण-उसळीबरोबर द्या. त्यावर लिंबू पिळले तर लोह चांगले शोषले जाते. चहा प्यायचाच असेल तर तासाभराने.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. यंत्र आले आणि ते चालवायचे कामही बाईच्याच गळ्यात पडले, तर तिच्या दिवसात एक काम वाढले इतकेच. पीठ मोजणे, बटण दाबणे, भांडे धुणे हे दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. ते आठवीतला मुलगा करू शकतो, त्याचा बापही करू शकतो. रात्री वेळ लावून ठेवली की सकाळी ब्रेड तयार होतो आणि शेतावर निघणाऱ्या आईला थोडी झोप मिळते. त्यासाठीच हे यंत्र घ्यायचे.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत हा विषय ठेवा, पण पैसे लगेच काढू नका. आधी महिनाभर कढईतला ब्रेड आठवड्यातून दोनदा करून बघा. लेकरांना तो आवडतो का, कणीक पुरते का, भाकर सुटत तर नाही ना, हे लिहून ठेवा. महिन्याने ज्यांच्या घरात तो खरोखर संपला, त्याच पाच घरांनी वर्गणी काढावी. पाच घरे जमली नाहीत तर कढई आहेच.