दिवा लागल्यावर किती दूर?

मोटार अथवा फटफटी बाळगणाऱ्या गृहस्थांच्या बैठकींत एक प्रश्न वारंवार निघत असतो. टाकींतील पेट्रोल संपत आल्याचा पिवळा दिवा लागल्यावर गाडी आणखी किती दूर जाऊं शकते, हा तो प्रश्न. कोणी पन्नास किलोमीटर सांगतो, कोणी ऐंशी सांगतो, आणि एखादा मोठ्या प्रौढीनें सांगतो कीं, तो दिवा लागलेला असतांना आपण भिवंडीहून वाड्यास जाऊन परत आलों. ऐकणारे कौतुकानें माना डोलावतात. आमच्या शेलार गांवीं भिवंडी–वाडा रस्ता हाच सर्वांचा राजमार्ग असल्यामुळें हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाहीं. म्हणून त्याविषयीं आमचें मत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम हा दिवा लागतो कसा, तें पाहूं. टाकीमध्यें तेलावर तरंगणारा एक हलका तुकडा दांडीस जोडलेला असतो. तेल उतरूं लागलें म्हणजे तोही उतरतो, दांडीच्या हालचालीबरोबर विजेच्या प्रवाहास होणारा अडथळा बदलतो, आणि त्यावरून समोरच्या तबकडीवरील काटा फिरतो. ठराविक पातळी आली कीं दिवा लागतो. साधारण मोटारीच्या टाकींत 35 ते 45 लिटर तेल मावतें व दिवा लागतांना त्यांपैकीं पांचसात लिटर शिल्लक असतें. लिटरामागें 15 किलोमीटर धरले तर सहा लिटरांत 90 किलोमीटर होतात. तेव्हां वाड्याची ती बढाई अगदींच खोटी म्हणतां येणार नाहीं.

परंतु हा हिशेब मोकळ्या रस्त्याचा झाला. उभ्या उभ्या चालू असलेलें लहान मोटारीचें यंत्रही तासास अर्धापाऊण लिटर तेल पितें, आणि गार हवेची सोय चालू असली तर त्याहूनही अधिक. कोंडींत सांपडलेल्या गाडीस लिटरामागें सातआठ किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ झालें. मग त्याच सहा लिटरांचे 90 किलोमीटर निम्म्यावर येतात. चढउतारावर तेल टाकीच्या एका बाजूस सरतें तें वेगळेंच. नव्या गाड्यांत उरलेले किलोमीटर आंकड्यांनीं दाखवितात खरे, पण तो आंकडा मागच्या वाटेवर झालेल्या खर्चावरून पुढचा अंदाज बांधीत असतो. मागचा रस्ता मोकळा होता, तेव्हां पुढचाही मोकळाच असेल, एवढेंच त्या बिचाऱ्या यंत्रास कळतें. नदीनाक्यावर काय वाढून ठेवलें आहे, हें त्यास कोठून ठाऊक असणार?

ह्या बाबतींत जुन्या दुचाकींची रीत आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. 1972 सालीं बाजारांत आलेली बजाज चेतक स्कूटर आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या आजोबांनीं चालविली असेल. तिच्या टाकीखालीं एक चावी असे. नेहमींचें तेल टाकींत उंच उभ्या असलेल्या नळींतून येई. पातळी त्या नळीच्या तोंडाखालीं गेली म्हणजे यंत्र आंचके देऊन बंद पडे. मग मालकानें वांकून ती चावी स्वतःच्या हातानें फिरवावी, तेव्हां तळाचें भोंक उघडून राखीव तेल सुरू होई. म्हणजे राखीव साठ्यास हात घालण्यापूर्वीं ती स्कूटर धन्यास थांबवून जणुं विचारीत असे. आजचा दिवा कोणास थांबवीत नाहीं. तो नुसता लागलेला राहतो, आणि दोन दिवसांत डोळ्यांस त्याची संवय होते. जुनी मंडळीही कांहीं संत नव्हती. राखीव तेलही संपल्यावर भर रस्त्यांत स्कूटर एका अंगावर कलती करून उरलेले चार थेंब नळीकडे आणणारे गृहस्थ सर्वांनींच पाहिले आहेत. आणि पेट्रोल भरल्यावर चावी परत फिरविण्यास विसरल्यामुळें पुढच्या खेपेस राखीव म्हणून कांहींच न उरलेलेही थोडे नव्हते.

दुसऱ्यांस नांवें ठेवण्यापूर्वीं आमची स्वतःची गोष्ट सांगणें उचित होईल. एका पावसाळ्यांत आम्ही कुडूसकडून घरीं परत येत होतों. दिवा आदल्या सायंकाळींच लागलेला होता. तबकडीवर 30 चा आंकडा होता व घर 15 किलोमीटरांवर राहिलें होतें. जवळ आहे त्याच्या निम्मेंच लागणार, असा हिशेब करून आम्ही वाटेंतला पेट्रोलपंप मागें टाकला. अणगांव सुटलें, आणि पुढें खड्ड्यांत एक मालमोटार रुतल्यामुळें दोन्हीं बाजूंस वाहनांची रांग लागली. पाऊस कोसळत होता, कांचेवर धुकें धरत होतें, म्हणून यंत्र बंद करण्याची सोय नव्हती. अडीच तास आम्ही असे इंचाइंचानें सरकत राहिलों. शेवटीं रस्ता मोकळा होऊन पुढचीं वाहनें हललीं, तोंच आमची गाडी बंद पडली. ती जागा अशी कीं, आम्ही हलल्यावांचून मागच्यांस वाट नव्हती.

आमच्या पाठीमागें एक रिक्षा होती. तींत एक बाई तापानें फणफणलेलें मूल मांडीवर घेऊन बसली होती. रिक्षावाला आणि टेंपोंतले दोघे कामकरी पोटरीएवढ्या पाण्यांत उतरले व त्यांनीं आमची गाडी ढकलून कडेस लावली. कोणीही आम्हांस एक अक्षरानें बोललें नाहीं. ती बाई मात्र रिक्षा पुढें जातांना एकवार आमच्याकडे पाहून गेली. त्या रात्रीं आम्हांस समजलें कीं आमचें गणित चुकलें होतें तें किलोमीटरांत नव्हे. आमच्या हिशेबांत आमची वाट, आमचें घर व आमचा वेळ एवढेंच होतें. ती बाई त्यांत नव्हती.

ह्यावरून आमचें असें ठाम मत झालें आहे कीं, दिवा लागल्यानंतरचें तेल हें प्रवासाचें तेल नव्हेच. तें अडचणीसाठीं ठेवलेलें असतें, आणि आपल्या अडचणींत दुसरेही अडकतात, म्हणून त्यावर एकट्या आपली मालकी नाहीं. विमानचालनाच्या शास्त्रांत हें तत्त्व नियमरूपानें मान्य झालें आहे. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें जेट विमान उतरतें तेव्हां आणखी 30 मिनिटें घिरट्या घालतां येतील इतकें इंधन त्यांत शिल्लक असलें पाहिजे. तें खर्ची पडणार असें दिसतांच वैमानिकानें संकटाची हांक दिली पाहिजे, असा दंडक आहे. शेवटच्या अर्ध्या तासांत विमान किती दूर जाईल, असें तेथें कोणी कौतुकानें विचारीत नाहीं. आंकड्यावर भिस्त ठेवण्याचें फळही त्याच क्षेत्रांत दिसून आलें आहे. 23 जुलै 1983 रोजीं एअर कॅनडाच्या एका बोइंग 767 विमानाचीं इंधन दाखविणारीं यंत्रें बिघडलेलीं होतीं. हिशेब हातानें केला, त्यांत किलोग्रामांच्या जागीं पौंड धरले गेले, आणि सुमारें 41,000 फूट उंचीवर तेल संपून दोन्हीं इंजिनें थांबलीं. वैमानिकांच्या कौशल्यानें तें विमान गिमली येथील जुन्या धांवपट्टीवर तरंगत उतरलें व सर्व प्रवासी वांचले. पण असें कौशल्य व अशी धांवपट्टी दर वेळीं मिळेलच, असें कोण म्हणेल?

कोणी म्हणेल, पेट्रोलपंप आतां जागोजागीं आहेत, मग एवढी चिंता कशाला? त्यांनीं 2024 सालचा आरंभ आठवावा. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैद सांगणाऱ्या नव्या कायद्याच्या कलमाविरुद्ध टँकरचालकांनीं 1 जानेवारीस काम थांबविलें. मनमाडजवळील पानेवाडीच्या इंधनसाठ्यावरून निघणारे टँकर उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवशीं महाराष्ट्रांतील कित्येक शहरांत पंपांसमोर लांबच लांब रांगा लागल्या. त्याच रात्रीं सरकारच्या आश्वासनानंतर तो प्रसंग निवळला. परंतु पंप जवळ असणें आणि पंपांत तेल असणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्या दिवशीं सर्वांस कळलें.

शिवाय यंत्राचीही हानि आहेच. हल्लींच्या पुष्कळ गाड्यांत इंधनाचा पंप टाकीच्या आंतच बसविलेला असतो व भोंवतालच्या तेलानेंच तो थंड राहतो. तेल सदैव तळाशीं असलें म्हणजे तो तापून लवकर झिजतो. डिझेलच्या गाडीचें तेल सर्वस्वी संपलें तर नळ्यांत हवा शिरते, आणि नुसतें तेल ओतून भागत नाहीं, ती हवा काढावी लागते.

येथें एक आक्षेप आम्हांस खरा वाटतो. ज्याची दिवसाची कमाई दिवसासच पुरते, तो शंभर रुपयांचेंच पेट्रोल घेतो. त्याच्या गाडीवर तो दिवा रोजच लागलेला असतो. त्यास निष्काळजी म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तो थेंबाथेंबाचा हिशेब आमच्याहून दक्षतेनें ठेवतो. आमचें सांगणें आहे तें ज्यांच्या खिशांत पैसे असूनही केवळ आळसानें वा बढाईसाठीं पंप मागें पडतो त्यांस. टाकी पावाखालीं जाऊं न दिल्यानें रोजचा खर्च वाढत नाहीं. तेल जितकें जळायचें तितकेंच जळतें. फक्त एकदांच कांहीं लिटरांचें मूल्य अधिक घालावें लागतें.

मत्तयाच्या शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दृष्टान्त आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. त्यांतील एक गोष्ट बहुधा लक्षांत येत नाहीं. वराला उशीर झाला तेव्हां पेंगल्या त्या दहाही जणी, केवळ मूर्ख पांचच नव्हेत. शहाण्यांनीं इतकेंच केलें कीं निघतांनाच भांड्यांत निराळें तेल घेतलें. आणि हांक आल्यावर तें उसनें मिळण्याची वेळ टळून गेलेली होती. उशीर हा सर्वांसच होतो, मग तो विवाहाच्या मिरवणुकीस होवो अथवा नदीनाक्याच्या रांगेंत होवो.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, उद्यां तुमच्या हातीं गाडी येईल, आणि कोणी तुम्हांस विचारील कीं दिवा लागल्यावर ती किती दूर जाते. त्यास सांगा कीं पुढच्या पंपापर्यंत. त्यापलीकडे ती कदाचित् जाईलही. पण मागच्या रिक्षेंत कोण बसलें आहे, हें आपणांस ठाऊक नसतें.