घासाघीस नेमकी कोणत्या आकड्याची?

शिवरे येथील माझे एक शिक्षक स्नेही गेल्या पंधरवड्यात पुण्याला जाऊन आयुष्यातील पहिली नवी मोटार ठरवून आले. दोन तास घासाघीस करून पंधरा हजार रुपये सूट मिळविली, वर आसनांची आवरणे फुकट, असे ते मोठ्या समाधानाने सांगत होते. मी दरपत्रक पाहायला मागितले. त्यातील विम्याचा हप्ता इतरत्र विचारला असता तेवढ्याच संरक्षणासाठी अकरा हजारांनी कमी निघाला. खाली 'हाताळणी खर्च' म्हणून सहा हजार होते, आणि त्यांनी न मागितलेल्या 'साहित्या'चे नऊ हजार. म्हणजे पंधरा हजार पदरात पडले ते सव्वीस हजार सोडून!

हा भोळेपणा एकट्या स्नेह्यांचा नव्हे. १९८३च्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर येईपर्यंत आपल्याकडे मोटार म्हणजे मुख्यतः अँबॅसिडर किंवा फियाट. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबायचे, आणि ज्याला थांबवत नसे त्याने वर 'ऑन' मोजायचा. अशा बाजारात ग्राहक हा अर्जदार असे. प्रतीक्षायादी गेली, पण अर्जदाराची वृत्ती मात्र मुरलेली राहिली. विक्रेत्याने सूट दिली की आपणास ती कृपा वाटते आणि पुढचे कागद न वाचता सही होते.

वस्तुतः मोटारीची छापील किंमत हा हिशेबाचा एक भाग झाला. कारखान्याचा दर आणि वस्तू व सेवा कर विक्रेत्याच्या हाती नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील हा कर १८ टक्क्यांवर आला. ती कपात शासनाची, तिला विक्रेत्याची सूट समजण्याचे कारण नाही. नोंदणीच्या वेळचा राज्याचा मोटार-करही ठरलेला. नव्या मोटारीस २०१८ पासून तीन वर्षांचा त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता सर्वत्र सारखा. स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा विमा मात्र कंपनीगणिक निराळा असतो आणि तो कोठूनही घेता येतो. कर्जाचेही तसेच. पाच लाखांवर पाच वर्षे 'सरसकट सात टक्के' म्हटले की स्वस्त वाटते. पण महिन्याचा हप्ता ११,२५० रुपये पडतो, आणि घटत्या शिलकीवर मोजल्यास हा दर साडेबारा टक्क्यांच्या घरात जातो. विक्रेता जे सोडतो ते एका रकान्यात आणि जे मिळवितो ते दुसऱ्या. आपण भांडतो ते पहिल्यासाठी.

घासाघीस हा ग्राहकाचा हक्कच, असे कोणी म्हणेल. आठवडे बाजारात ते खरे आहे, कारण तेथे कांदा दोघांनाही दिसतो. मोटारीच्या दालनात एका बाजूला रोज दहा सौदे करणारा बसतो आणि दुसऱ्या बाजूला जन्मात एकदा करणारा. अमेरिकेत इयन आयर्स आणि पीटर सीगलमन यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागोच्या मोटार-विक्रेत्यांकडे एकसारखे बोलण्यास शिकविलेले ग्राहक पाठविले होते. गोऱ्या पुरुषांपेक्षा स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना चढे दर सांगितले गेले. शब्द तेच, माणूस बदलला की किंमत बदलली. आपल्या दालनांत पायांतील चपला आणि बोलण्यातील हेल कोणी पाहत नाही, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. चतुर ग्राहकाला मिळालेली सूट कोणा भिडस्ताच्या विम्यातून वसूल होते, हे या व्यवहाराचे अर्थशास्त्र आहे.

म्हणून सूट मागण्यापूर्वी प्रत्येक रकाना सुटा करून लेखी मागावा. सक्तीचे कोणते आणि ऐच्छिक कोणते, हे त्यावरच लिहून घ्यावे. परिवहन खात्याने तर असा तक्ता प्रत्येक दालनात दर्शनी लावणे बंधनकारक करावयास हवे. औषधाच्या वेष्टनावर किंमत छापून घेणाऱ्या देशाला हे अवघड नाही.

स्नेह्यांनी अद्याप पूर्ण रक्कम भरलेली नाही. शनिवारची शाळा सुटल्यावर बाहेरच्या विम्याचे दरपत्रक घेऊन ते पुन्हा पुण्यास निघाले आहेत. मलाही बरोबर चला म्हणाले. मी त्यांना गणकयंत्र दिले आहे.